खांबावरचा करकोचा

१२ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दाजी,

तुम्हाला आणि ताईला नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असेल असं धरून चालतो, कारण तुम्ही आपणहून काही कळवाल ही आशा मी केव्हाच सोडली आहे. फोन करावा, तर परवा मी विचारलं, "पाठ कशी आहे?" आणि तुम्ही म्हणालात, "आठला जेवतो." जन्मभर इंजिनाला खेटून बसलात, त्यात कान गेले, त्याला तुमचा काय इलाज! मोबाइलवर लिहावं, तर हल्ली कंपन्यांनी अक्षरं इतकी बारीक केली आहेत की विचारू नका. कशासाठी, देव जाणे. कागद थोडाच वाचतो? म्हणून आपलं जुनं बरं, पत्र.

अहो-जाहो बघून हसू नका. पाकीट ताई फोडणार हे मला ठाऊक आहे. गाडीत मी कंडक्टर, तुम्ही ड्रायव्हर, तिथे आपलं अरे-तुरे खपलं. पण बहिणीच्या नवऱ्याला अरे म्हटलेलं तिला अजून खपत नाही.

आता बातमी. आपल्या शेवटच्या थांब्यामागची दलदल आठवते? गाडी वळवताना तुम्ही जिला रोज शिव्या घालायचात, तीच. तिला आता मान आला आहे. तिला पाणथळ म्हणायचं. कडेने फळ्यांची पायवाट केली आहे, एक लाकडी मनोरा आहे, पलीकडच्या बांधावरून सायकलींसाठी वाट काढली आहे, आणि दाराशी पाटी आहे, 'शांतता राखा'. आणि त्या पाटीच्या खालून दर रविवारी सकाळी माणसं आत घेऊन जातो कोण? मी!

झालं असं, की पहिल्या दिवशी सगळे त्या फळ्यांच्या तोंडाशीच घोळका करून उभे. मागच्यांना काही दिसेना. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पुढे सरका, पुढे मोकळं आहे!" आणि दाजी, सगळे सरकले! त्या दिवसापासून मी म्होरक्या. पक्षी मला आधी कुठे माहीत होते? पण आवाजाने ओळखायला लागलो. पाणकोंबडी कुठली, टिबुकली कुठली, तुतारी कुठली, झाडीत असली तरी सांगतो. भरल्या गाडीत 'उतरायचंय' कोण पुटपुटलं हे ओळखणारा कान आहे हा.

मंडळी ठरलेली. एक दंतवैद्य आहेत. कुठलाही पक्षी दिसला की आधी चोचीकडे बघतात आणि आत दात नाहीत म्हणून हळहळतात. एक निवृत्त ग्रंथपाल बाई आहेत, त्यांच्या गळ्यात त्यांच्यापेक्षा जड दुर्बीण. आम्ही त्यांना दुर्बीणबाईच म्हणतो. एक नवं जोडपं येतं, त्यांना पक्ष्यांशी काही देणंघेणं नाही, पण माणसं चांगली आहेत. शिवाय आमची सूनबाई. बाबा एकटे नको जायला, म्हणते. का नको, हे सांगत नाही.

एक रविवार पायी, एक रविवार सायकलवर. सायकलवाल्यांना मी शिस्त लावली आहे: पुढच्याने घंटी वाजवत राहायची, मागच्यांनी आवाजाच्या मागे यायचं. दंतवैद्य म्हणाले, "अहो, घंटीने पक्षी उडून जातात." मी म्हटलं, "उडाले तर उडाले. आधी प्रवाशांची सुरक्षितता."

आणि आता ऐका. मी करकोचा शोधला! साधासुधा नव्हे, काळ्या मानेचा. या बाजूला कुणी पाहिलेला नाही. मनोऱ्यावर उभा होतो, लव्हाळ्यांच्या पलीकडे पाण्यात हा पांढराशुभ्र, मान काळी कुळकुळीत. मी म्हटलं, "तो बघा!" दंतवैद्य म्हणाले, "कुठे, कुठे? ... हां हां! काय सुंदर चोच आहे!" जोडपं म्हणालं, "किती गोड!" दुर्बीणबाईंनी बराच वेळ दुर्बीण लावली आणि एक शब्द बोलल्या नाहीत. भारावल्या असाव्यात.

इतका शांत पक्षी मी पाहिला नाही. आमचे डबे खाऊन झाले तरी एका पायावर तसाच उभा. पुढच्या रविवारी गेलो, तर तिथेच! जागा आवडलेली दिसते. दाराशी फळ्यावर वनरक्षकाने खडूने लिहिलं आहे: 'काळ्या मानेचा करकोचा. प्रथम पाहिला: कंडक्टर.' ताईला सांगा. तिचा भाऊ वाया गेला असं ती म्हणायची ना, तिला मुद्दाम सांगा.

बाकी विशेष नाही. हां, एक राहिलं. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दुखलं होतं का? आमच्या शेजाऱ्याला सांगितलं आहे, तो विचारत होता. माणूस तसा धीट आहे. सहज विचारतो आहे.

ताईला काळजी घ्यायला सांगा. तुमची.

आपला मेहुणा


३ डिसेंबर, रविवार

प्रिय दाजी,

नमस्कार. अक्षर परकं वाटेल. माझ्या हाताला लचक भरली आहे, म्हणून मी सांगतो आणि सूनबाई लिहून घेते. शाळेत शिकवते, त्यामुळे शुद्धलेखनाची काळजी नको.

(आतोबा, नमस्कार. हात ठणठणीत आहे. याच हाताने बाबांनी आत्ता मला बरणीचं घट्ट झाकण उघडून दिलं. — सून)

तुमचं पत्र पोचलं. 'शेजाऱ्याला सांग, मुंगी चावल्याएवढंही दुखत नाही, उगाच नखरे करू नको म्हणावं' हे मी शेजाऱ्याला कळवलं. त्याला बरं वाटलं.

(शेजारी तिशीतला आहे. व्यायामशाळा चालवतो. त्याच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही.)

आता करकोच्याविषयी. फळ्यावरचं वाचून कुणीतरी कुणालातरी सांगितलं आणि गेल्या पंधरवड्यात परगावाहून माणसं आली. पाण्याच्या नळाएवढे जाड कॅमेरे खांद्यावर टाकून! मी त्यांना मनोऱ्यावर नेलं. त्यांनी कॅमेरे लावले, एकमेकांकडे बघितलं, आणि त्यातला एक हळूच म्हणाला, "काका, हलत का नाही हो?" मी म्हटलं, "स्वभाव आहे त्याचा."

मग वनरक्षक चिखलातून निघाला. आम्ही सगळे श्वास रोखून. मी म्हणतो आहे, "उडेल! आता उडेल! कॅमेरे तयार ठेवा!" वनरक्षक अगदी जवळ गेला. उडाला नाही. त्याने त्याला मानेला धरलं आणि उपटला. उपटून काखेत मारून घेऊन आला.

खांब होता, दाजी. वर पांढरी गोणी गुंडाळलेली आणि वरच्या टोकाला सायकलची जुनी ट्यूब बांधलेली, काळी. जाळं कुठे टाकलं आहे ते कळावं म्हणून मासे धरणाऱ्याने खूण केली होती. तो बांधावरून धावतच आला. "माझी खूण कुणी काढली? आता जाळं काय तुमच्या फळ्यावर शोधू?" वनरक्षकाला परत चिखलात जाऊन करकोचा होता तिथे रोवून यावा लागला.

दंतवैद्य म्हणाले, "मला संशय होताच." मी म्हटलं, "चोच सुंदर आहे, कोण म्हणालं होतं?" तेव्हा ते डबा उघडून बसले. पण मला राग आला तो दुर्बीणबाईंचा. त्या म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी गोणीवरचं सिमेंटचं नाव वाचलं होतं." मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?" तर म्हणाल्या, "तुम्ही इतके खूश होता. म्हटलं, पुढच्या रविवारी तुमचं तुम्हालाच दिसेल." आता सांगा, याला काय म्हणायचं?

त्या दिवशी धुकं दाट होतं, हे इथे नमूद करतो.

(धुकं नव्हतं. मी तिथेच होते. लख्ख ऊन होतं.)

दाजी, मधूनमधून पेन जास्तच वेळ चालतं आहे असं वाटतं. मी दोन शब्द सांगितले की ही दोन ओळी लिहिते. काय लिहिते ते दिसत नाही. म्हणजे, कागद तिरका धरते म्हणून.

दुसरी एक किरकोळ गोष्ट. सायकलच्या रविवारी मी जरासा बांधावरून खाली गेलो. चूक माझी नाही. दंतवैद्य पुढे होते, नेमाने ठिणठिण करत होते. बांध जिथे उजवीकडे वळतो तिथे त्यांना झुडपात खंड्या दिसला. त्यांनी ब्रेक लावला आणि मला थांबवायला दोनदा घंटी मारली. दोनदा! आता तुम्हीच सांगा, एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी ऐकली डबल घंटी, आणि जोरात पेडल मारलं. बांध वळला, मी वळलो नाही. लव्हाळे मऊ असतात, ही माहिती नव्याने मिळाली. जोडप्याने मला दोन्ही खांद्यांना धरून बाहेर काढलं. खंड्या अर्थातच उडून गेला. त्यावर दंतवैद्य म्हणतात, "मी थांबा म्हणून तर वाजवली!" म्हटलं, डॉक्टर, तुम्ही आमच्या गाडीत चढलाच नाहीत कधी, म्हणून हे अज्ञान.

(आतोबा, समोर भला मोठा लाल बाण आहे, माणसाएवढा. त्यावर 'वळण' लिहिलं आहे. बाबा बाणाच्या बाजूने नाही, बाणाच्या खालून गेले.)

बाकी इकडे सगळं ठीक. सूनबाई मला उगाच एका डोळ्याच्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली होती. हे लिहू नकोस.

('हे लिहू नकोस' म्हणाले. आता मी लिहिते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. ऑपरेशन सांगून किती दिवस झाले, पण तारीख जवळ आली की बाबांच्या पोटात दुखतं, नाहीतर सर्दी होते. आता अठरा तारीख ठरली आहे. तपासणीच्या वेळी मला बाहेर बसवलं, डॉक्टर आत काय म्हणाल्या ते सांगत नाहीत. परवा पायरी समजून मांजरीवर पाय ठेवला. मांजर वाचली, माझी झोप उडाली. त्यांच्या मुलाने फोनवर समजावलं, तर त्यालाच समजावून फोन ठेवून दिला. आतोबा, ते तुमचं ऐकतात. काहीतरी करा.)

अगं, काय रामायण लिहिते आहेस? मी एवढंच सांगितलं की बाकी ठीक.

ताईला नमस्कार.

आपला मेहुणा, हात दुखत असल्यामुळे सही नाही

(सही केली असती, पण ती जागा सापडली नाही.)


५ डिसेंबर, मंगळवार

अरे ड्रायव्हर,

हे पत्र ताईच्या हातात पडलं असेल तर तिने ते इथेच तुला द्यावं. ताई, खरंच दे.

सूनबाई शाळेत गेली आहे. तिच्या कपाटातून फलक रंगवायचा जाड मार्कर घेतला आहे आणि हाताच्या पंज्याएवढी अक्षरं काढतो आहे. ओळीवर ओळ चढली असेल तर खालची आधी वाच. भरल्या गाडीतून माणसं नेलीस, तशी अक्षरंही सांभाळून घे.

शेजारी मीच आहे. हे तू पहिल्याच पत्रात ओळखलं असणार, 'नखरे' हा शब्द तू दुसऱ्या कुणाला वापरत नाहीस.

मुंगी चावल्याएवढं दुखत नाही म्हणतोस. दुखण्याचं मला काही नाही रे. ऐक, काय आहे ते. माझा डावा डोळा जन्मापासून नुसता शोभेला आहे. त्याला उजेड कळतो, माणूस आला-गेला कळतो, बाकी काही नाही. कंडक्टरला एक डोळा पुरतो, म्हणून कधी कुणाला सांगायची वेळ आली नाही. तुलाही नाही. माझ्या बायकोला तेवढं माहीत होतं. ही असती तर हे पत्र लिहायची पाळीच आली नसती, कानाला धरून नेलं असतं तिने. म्हणजे ऑपरेशन आहे ते माझ्या एकुलत्या एक डोळ्याचं. डॉक्टरीणबाई एवढीशी आहे, सूनबाईच्या वर्गात शोभेल. मी तिला विचारलं, "बिघडलं तर?" ती म्हणाली, "आजोबा, सहसा बिघडत नाही." मी म्हटलं, "सहसा म्हणजे?" ती म्हणाली, "सहसा म्हणजे सहसा." खरं बोलली पोर. तिचं काही चुकलं नाही. पण त्या दिवसापासून 'सहसा' हा शब्द माझ्या डोक्यात घर करून बसला आहे.

मला भीती वाटते. घे, लिहिलं. मोठ्या अक्षरात लिहिलं की आणखीच वाटते.

आवाज मला राहतील, ते खरं. दुर्बीणबाई काल घरी आल्या होत्या, म्हणाल्या, "तुम्ही कानाने सांगत जा, आम्ही डोळ्याने बघतो, नाहीतरी तुमच्याशिवाय सगळे फळ्यांच्या तोंडाशीच अडकून उभे राहतात." किती चांगली बाई! मी उगाच तिच्यावर डाफरलो. पण ड्रायव्हर, सकाळी त्या पाण्यावरून बदकं एकदम उठतात ना, सगळी मिळून, आणि पाणी मागे थरथरत राहतं, ते कानाला अर्धंच कळतं. ते मला बघायचं आहे. अजून भरपूर बघायचं आहे. आता तर कुठे शिकायला लागलो होतो. ज्या दलदलीला आपण इतकी वर्षं पाठ दाखवून गाडी वळवली, तिच्यात एवढं काही होतं, हे कळेपर्यंत माझे दिवे मंद झाले.

चिखलात पडलो तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते तुझं. बाजारातल्या त्या अरुंद गल्लीत गाडी मागे घ्यायची असली की तुला मागचं काही दिसायचं नाही. मी खाली उतरून पत्र्यावर थापा मारायचो, "येऊ दे, येऊ दे" ओरडायचो, आणि तू ते धूड बिनबोभाट मागे आणायचास. बाजूला भाजीवाल्या, पोरं, भिंत. माझ्या आवाजावर! तुला तेव्हा धडधडायचं का, हे मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, ड्रायव्हर आहे, त्याचं कामच आहे. परवा दोन घंट्यांवर भरवसा ठेवून निघालो आणि चिखलात बसल्या बसल्या कळलं, तू किती धीराचा माणूस आहेस. आणि तू माझ्यावर केवढा विसंबून होतास.

मुलगा रजा काढून येणार आहे. सूनबाई आहेच. दोघं जीव टाकतात, तक्रार नाही. पण तो आला की मला बाप व्हावं लागतं. "काही नाही रे, किरकोळ आहे," असं म्हणत फिरावं लागतं. त्याला माझ्यासमोर घाबरता येत नाही, मला त्याच्यासमोर. तुझ्यासमोर मला घाबरता येतं. ती सोय दुसरीकडे नाही.

तेव्हा असं कर. सतराला निघ. ताईलाही आण, ती रागावेल आणि त्यात माझा वेळ जाईल. सूनबाईला मी काही सांगितलेलं नाही, तू अचानक आल्यासारखं दाखव. तुला ते जमणार नाही, तोंडावर सगळं येतं तुझ्या, पण प्रयत्न कर. दवाखान्यात तुला डॉक्टरांचं ऐकू येणार नाही आणि मला डॉक्टर दिसणार नाहीत, तर मधे सूनबाईला बसवू. ती नाहीतरी कंसात बोलतच असते, पेनाच्या आवाजावरून ओळखलं मी.

आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढतील तेव्हा आत तू थांब. मी डॉक्टरीणबाईला विचारलं आहे, एका माणसाला परवानगी आहे. तुझं तोंड काही मुद्दाम बघण्यासारखं नाही, पण मला आधी तेच बघायचं आहे. दिसलं तर तुला एक शिवी देईन, म्हणजे बाहेरच्यांना कळेल. नाही दिसलं, तर लगेच दार उघडू नकोस. बाहेर पोरं उभी असतील. त्यांना काय सांगायचं, कसं सांगायचं, तेवढं आपण दोघं आधी ठरवू. मग उघड.

एवढंच मागणं आहे. उत्तर लिहीत बसू नकोस, मला वाचता येणार नाही आणि सूनबाईला वाचू द्यायचं नाही. नुसता ये.

तुझी वाट बघतो आहे. दिसते तेवढी.

तुझा
कंडक्टर